प्रत्यक्ष स्थळावरील रेखाटन आणि प्रकाशित रेखाटनवह्या : एक विवेचन

बीजसंज्ञा : रेखाटनवही, स्थळरेखाटन, दृश्यनोंद, गंगाराम तांबट, मारिओ मिरांडा, रायगड जिल्हा

प्रस्तावना

चित्रकाराच्या हातातील वही ही मूलतः खाजगी वस्तू होय. तीत अर्धवट सोडलेल्या आकृती असतात, एकाच झाडाचे चार प्रयत्न असतात, समासात कोणाचा तरी पत्ता किंवा रंगाच्या नळ्यांचा हिशोब लिहिलेला असतो आणि एखादे पान कोरेच राहिलेले असते. ती कोणाला दाखविण्यासाठी भरलेली नसते. असे असूनही गेल्या दोन शतकांत अशा वह्या छापून प्रसिद्ध करण्याची, आणि वाचकांनी त्या आवडीने विकत घेण्याची, एक परंपरा निर्माण झालेली दिसते. चौकटीत बसविलेली पूर्ण चित्रे समोर असताना वाचकाला चित्रकाराची कच्ची वही का पाहावीशी वाटते? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर कलेच्या कक्षेबाहेर जाणारे आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा महाराष्ट्र व गोव्याच्या संदर्भात ऊहापोह केला आहे. रेखाटनवहीचे मोल रेषेच्या सफाईपेक्षा साक्षीत अधिक आहे, ही या लेखाची भूमिका आहे. अमुक दिवशी, अमुक जागी, अमुक व्यक्ती बसली होती आणि तिने हे पाहिले, एवढे वहीचे पान सांगते. ही साक्ष चित्रकाराइतकीच भूगोल, वनस्पतिशास्त्र, इतिहास व समाजशास्त्र यांच्या अभ्यासकालाही उपयोगी पडते. म्हणूनच हा विषय केवळ कलामहाविद्यालयांवर सोपवून चालणार नाही.

वहीचे स्वरूप

मराठीत 'रेखाटन', 'स्केच', 'कच्चे चित्र' हे शब्द बऱ्याचदा एकाच अर्थाने वापरले जातात. त्यामुळे थोडा घोटाळा होतो. मोठ्या चित्राच्या तयारीसाठी केलेला आराखडा हे एक रेखाटन; हात वळावा म्हणून केलेला सराव हे दुसरे; आणि समोर जे आहे त्याची नोंद करण्यासाठी तेथेच बसून काढलेले ते तिसरे. कलाशाळांतील विद्यार्थी ज्याला 'आउटडोअरला जाणे' किंवा 'स्पॉटवर काम करणे' म्हणतात ते या तिसऱ्या प्रकारात मोडते. पहिल्या दोन प्रकारांत चित्रकार परिस्थितीचा स्वामी असतो. तिसऱ्यात परिस्थिती त्याची स्वामिनी असते. ऊन सरकते, बैलगाडी निघून जाते, पावसाची सर येते, कोणीतरी नेमके समोर येऊन उभे राहते. या अडचणींचे ठसे कागदावर उमटतात आणि तेच पुढे वाचनीय ठरतात.

रेखाटनांचे पुस्तक छापण्याची कल्पना युरोपातून आली असे आपण सहज गृहीत धरतो. तथापि जपानी चित्रकार होकुसाई याच्या 'मांगा' या रेखाटनसंग्रहाचा पहिला भाग १८१४ मध्ये लाकडी ठशांवरून छापून प्रसिद्ध झाला. त्याच्या १५ भागांपैकी शेवटचा १८७८ मध्ये, म्हणजे होकुसाईच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन दशकांनी निघाला. विद्यार्थ्यांना गिरविण्यासाठी नमुने हा त्याचा प्रारंभीचा हेतू होता. परंतु स्नान करणारी माणसे, वाऱ्याने उडणाऱ्या छत्र्या, मासे, पूल, कसरतपटू असे सारे जग त्यात आले आणि सामान्य वाचकाने ते पुस्तक उचलून धरले. इंग्लंडात टर्नरच्या सुमारे ३०० वह्या त्याच्या पश्चात राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. देलाक्रवा १८३२ मध्ये मोरोक्कोला गेला तेव्हा त्याने रेखाटनांशेजारी रंगांची नावे शब्दांत लिहून ठेवली, कारण रंग भरण्यास वेळ नव्हता. स्थापत्यविशारद ल कॉर्ब्युझिए याच्या १९१४ ते १९६४ या काळातील वह्या १९८१-८२ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाल्या. चंदीगडच्या निमित्ताने झालेल्या भारतभेटींच्या नोंदीही त्यांत आहेत. देलाक्रवा व ल कॉर्ब्युझिए यांच्या वह्यांत शब्द आणि रेषा एकाच पानावर नांदतात. वही ही चित्र व लेखन यांच्या मधल्या जागेत राहते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी.

पश्चिम भारतातील पूर्वपीठिका

आपल्याकडे या परंपरेचा आरंभ शोधू गेल्यास पेशवाईच्या उत्तरकाळातील पुण्यात जावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याने गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर चित्रकाराकडून अनेक रेखाटने करवून घेतली. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे १७९० मधील रेखाटन त्यांपैकी एक आहे. वेरूळ व कार्ले येथील लेण्यांची त्याने जागेवर जाऊन केलेली चित्रेही उपलब्ध आहेत. मॅलेटचे वेरूळविषयक टिपण 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाले, त्यास तांबटाच्या रेखाटनांचा आधार होता. हा मोठा संग्रह आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पुण्याच्या एका चित्रकाराचे काम पाहण्यासाठी पुण्याच्या अभ्यासकाला समुद्र ओलांडावा लागावा, हा इतिहासाचा एक नेहमीचाच न्याय म्हणावयाचा.

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला व पुढील वर्षी पुण्यास गेला. त्याच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात चित्रशाळा चालली. लेण्यांची रेखाटने करीत असतानाच आजारी पडून तो १७९५ मध्ये वारला. त्याने केलेल्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने १८०३ मध्ये लंडनला एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. वेल्स जागेवर बसला होता. डॅनियलने ठसे तयार केले ते लंडनमध्ये. त्या काळी 'प्रकाशित रेखाटन' याचा अर्थ दुसऱ्या हाताने धातूच्या पत्र्यावर पुन्हा कोरलेले रेखाटन असा होता. जागेवर बसलेल्या माणसाच्या हाताचा कंप, चुकलेली आणि पुन्हा काढलेली रेष, घाईने सोडून दिलेला कोपरा हे सारे त्या प्रक्रियेत पुसले जाई. वाचकाच्या हाती पडे ते नीटनेटके दृश्य.

जेम्स फोर्ब्ज याचे उदाहरण रायगड जिल्ह्याच्या दृष्टीने जवळचे आहे. अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात, कोवळ्या वयात तो मुंबईस आला आणि पुढील वर्षांत त्याने जे पाहिले ते लिहून व रेखाटून ठेवण्याचा ध्यासच घेतला. झाडे, पक्षी, किल्ले, माणसे अशा साऱ्यांच्या नोंदींचे त्याने १५० खंड भरले. त्यांतून निवडून त्याने 'ओरिएंटल मेमॉयर्स' हा चार खंडांचा ग्रंथ १८१३ मध्ये काढला. सावित्री नदीकाठचे दासगाव आणि तेथील उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, त्यात येतात. कंपनीच्या चाकरीतील एका कारकुनाची हौस म्हणून या उद्योगाकडे पाहता येईल. परंतु त्या काळातील कोकणच्या निसर्गाची इतकी सलग दृश्यनोंद आपल्याकडील कोणी केलेली हाती लागत नाही, हेही मान्य करावे लागते. वखारीत बसून व्यापार करणारा माणूस आणि रस्त्याच्या कडेला बसून झाड काढणारा माणूस या दोघांची नजर एकाच सत्तेची असली, तरी दुसऱ्याच्या कागदावर झाडही उरते.

पुढे विल्यम वोलस्टन याने १८०६ मध्ये पेटंट घेतलेले 'कॅमेरा लुसिडा' हे उपकरण आले. त्यातील लोलकामुळे समोरचे दृश्य कागदावर पडल्याचा भास होतो व त्यावरून रेषा ओढता येतात. जेम्स फर्ग्युसनने लेण्यांवरील आपल्या १८४५ च्या ग्रंथासाठी त्याचाच वापर केला. प्रमाणबद्धता साधली, पण पाहण्याची निवड काही प्रमाणात यंत्राकडे गेली. आज भ्रमणध्वनीवरील छायाचित्राविषयी जो वाद घातला जातो त्याचे बीज येथे आहे.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची कथा सर्वश्रुत असली तरी या विषयाच्या संदर्भात ती पुन्हा पाहावी. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे गुंफांत राहून मोठ्या तैलप्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात तेच काम नव्याने केले; त्यांपैकी बऱ्याच प्रती १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला म्हणून त्या श्रमाचा काही भाग तरी अभ्यासकांना मिळाला. तेथे काम करणारे विद्यार्थी या मातीतले होते. अंधाऱ्या गुंफेत आरशाने किंवा दिव्याने उजेड पाडून महिनोन्महिने एकेक बोट, एकेक भुवई न्याहाळणे हे जे शिक्षण त्यांना मिळाले, ते आगीत जळण्याजोगे नव्हते. आपल्याकडील वास्तववादी चित्रकलेचा पाया ज्या पिढीने घातला तिच्या घडणीत या गुंफांतील बैठकीचा वाटा किती, याचा अभ्यास व्हावयास हवा.

जे. जे. मध्येच शिकलेले आणि तेथेच शिकविलेले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांच्यापाशी मात्र ही नजर लेण्यांतून रस्त्यावर आली. एस. एम. एडवर्ड्स यांच्या १९१२ मधील 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकात धुरंधरांची चित्रे आहेत. मुंबईच्या गल्ल्यांतील माणसे, त्यांचे पोशाख, उभे राहण्याची ढब त्यांत दिसते. पोस्टकार्डांसाठीही त्यांनी असे विषय काढले. पागोटे कसे बांधले आहे यावरून माणूस ओळखता येण्याचा तो काळ होता, आणि धुरंधरांना ते बांधण्यातले फरक ठाऊक होते. त्यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेले 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन मराठीतील कलाविषयक लेखनात महत्त्वाचे आहे. चित्रकाराने स्वतःच्या कामाविषयी मराठीत सलग लिहावे ही गोष्ट तेव्हा दुर्मिळ होती.

मारिओ मिरांडा यांच्या रोजनिश्या

वही जशीच्या तशी छापली जाणे हे विसाव्या शतकातील छपाईतंत्रामुळे शक्य झाले. आपल्या परिसरातील त्याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे मारिओ मिरांडा (१९२६-२०११) यांच्या चित्रमय रोजनिश्या होत. दमण येथे जन्मलेल्या आणि गोव्यातील लोटली गावच्या वडिलोपार्जित घरात वाढलेल्या मारिओंनी लहानपणीच भिंती रंगवायला सुरुवात केली आणि आईने त्यांच्या हाती कोरी वही दिली, असे सांगितले जाते. त्यांच्या १९४९, १९५० व १९५१ या वर्षांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी मारिओंच्या कामाच्या संकलनाचा व प्रकाशनाचा जो उद्योग केला त्याचे हे फळ आहे.

या रोजनिश्या भरल्या गेल्या तेव्हा मारिओ हे नाव वृत्तपत्रवाचकांना माहीत नव्हते. 'इलस्ट्रेटेड वीकली'तील व्यंगचित्रे, मुंबईतील कचेऱ्यांतील साहेब आणि टंकलेखिका, हे सारे नंतरचे. येथे आहे तो विशीतील एक तरुण, ज्याला पुढे काय करावयाचे ते अजून ठरलेले नाही, आणि जो रोज एक पान भरतो आहे. गावातील लग्न, चर्चमधील गर्दी, पाहुणे, कंटाळा, नाच, घरातील कुत्री हेच विषय. त्यांत इतिहास घडत असल्याची जाणीव कोठेही नाही, आणि नेमके हेच त्यांचे ऐतिहासिक मोल आहे. गोव्यातील पोर्तुगीज राजवट डिसेंबर १९६१ मध्ये संपली. तत्पूर्वीच्या दशकातील एका ख्रिस्ती भाटकार कुटुंबाचे आणि त्याभोवतीच्या गावाचे रोजचे जगणे सरकारी दप्तरात सापडणार नाही. ते येथे सापडते. दप्तर प्रसंगाची नोंद ठेवते, वही सवयींची ठेवते.

एक भेद मात्र येथे करावा लागतो. रोजनिशीतील चित्र बहुधा दिवस संपल्यावर आठवून काढलेले असते. ते स्थळावरचे रेखाटन नव्हे. आठवणीत माणसे ठळक होतात आणि भिंती पुसट. स्थळावर बसल्यास अनेकदा उलट घडते, कारण भिंत हलत नाही. मारिओंच्या प्रवासरेखाटनांत, उदाहरणार्थ जर्मनीतील हिवाळ्यावरच्या पुस्तकात, इमारतींच्या खिडक्या आणि छपरे यांवर जो बारीक रेषांचा संभार आहे, तो गोव्यातील माणसांच्या रेखाटनांहून वेगळ्या जातीचा आहे. एकाच हाताची ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहिली की स्मरण आणि दर्शन यांतील फरक शब्दांशिवाय कळतो.

या संदर्भात रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेले प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांचाही उल्लेख आवश्यक आहे. त्यांनी सातत्याने ठेवलेल्या टिपणवह्या आणि त्यांचा १९९० मधील 'कोरा कॅनव्हास' हा ग्रंथ यांत वस्तू, अवकाश व प्रतिमा यांविषयीचे चिंतन आहे. बरवे यांची वही जागेची नोंद करीत नाही, विचाराची करते. रेखाटनवहीचा तोही एक टोकाचा, पण अस्सल प्रकार होय.

पुण्यातील पुस्तके

मराठी वाचकाच्या घरात रेखाटनांचे पुस्तक पोहोचविण्याचे श्रेय पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाकडे बऱ्याच अंशी जाते. मिलिंद मुळीक यांची जलरंगावरील पुस्तके व 'स्केचबुक', तसेच वासुदेव कामत यांचा रेखाटनसंग्रह, ही पुस्तके चित्रकलेच्या दुकानांत रंगांच्या डब्यांशेजारी मांडलेली दिसतात. मुळीक हे शिक्षणाने अभियंते. त्यांचे वडील प्रताप मुळीक 'अमर चित्रकथा'चे ख्यातनाम चित्रकार. पावसात भिजलेले डांबरी रस्ते, जुन्या वाड्यांच्या पडक्या भिंती, चहाच्या टपऱ्या हे मुळीक यांचे विषय वाचकाच्या रोजच्या वाटेवरचे आहेत. 'हे मलाही दिसले होते, पण मी थांबलो नाही' अशी जी हळहळ ही पाने पाहताना वाटते, तीच या पुस्तकांच्या खपाचे एक कारण असावी.

अशा पुस्तकांविषयी एक तक्रारही नोंदविली पाहिजे. छापताना पाने निवडली जातात, आणि निवडताना फसलेली पाने स्वाभाविकच गळतात. परिणामी वाचकासमोर येते ती यशस्वी पानांची मालिका. वहीचा क्रम मोडतो, तारखा जातात, समासातील शब्द कापले जातात. शिकणाऱ्याची त्यामुळे दिशाभूल होते. त्याला वाटते, जाणकाराचे प्रत्येक पान असेच उतरते. निदान काही वह्या तरी मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोऱ्या पानांसह, छापल्या जाव्यात असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. व्यावसायिक प्रकाशकाला ते परवडणार नाही, ही अडचण खरी आहे. विद्यापीठे आणि कलासंस्था यांचे काम येथे सुरू होते.

मराठी साहित्यिकांत व्यंकटेश माडगूळकर यांनी लेखणी आणि रेखाटन ही दोन्ही साधने वापरली, हे सर्वांना परिचित आहे. त्यांच्या रानावरील लेखनात झाडाच्या खोडाची साल किंवा पक्ष्याची बसण्याची ढब ज्या नेमकेपणाने येते, तो नेमकेपणा कागदावर ती ढब काढून पाहिलेल्या माणसाचा आहे.

स्थळावर बसण्याची ओढ

स्पेनमध्ये जन्मलेले वृत्तपत्रीय चित्रकार गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी २००७ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथून 'अर्बन स्केचर्स' या नावाने एक उपक्रम सुरू केला. २००९ मध्ये त्यास संस्थेचे रूप आले आणि जगभर त्याच्या शाखा पसरल्या. मुंबई व पुणे येथेही असे गट आहेत. त्यांचा मुख्य नियम एकच : जे काढावयाचे ते तेथेच बसून, प्रत्यक्ष पाहून काढावयाचे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आलेला असताना नेमक्या याच काळात या चळवळीने जोर धरावा, हा योगायोग नव्हे. छायाचित्र क्षणात घेतले जाते आणि घेणारा पुढे जातो. रेखाटनाला वीस मिनिटे लागतात. त्या वीस मिनिटांत नजर एकाच वस्तूकडे चाळीस-पन्नास वेळा जाऊन परत येते आणि प्रत्येक वेळी तिला काही ठरवावे लागते : कौलाची ओळ भिंतीच्या पुढे किती आली आहे, सावली निळसर आहे की तपकिरी, हा खांब सरळ आहे की मलाच तसा वाटतो. 'पाहणे' या क्रियापदाचा हा सकर्मक अर्थ आहे.

दुसरे कारण सामाजिक आहे. वही उघडून बसलेल्या माणसाभोवती लोक जमतात. मुले आधी, मग म्हातारे. कॅमेरा रोखला की माणूस सावध होतो. वही उघडली की तो जवळ येतो आणि माहिती देऊ लागतो : हे छप्पर पूर्वी गवताचे होते, ही विहीर अमक्याच्या आजोबांनी खोदली. क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाला ज्या विश्वासासाठी आठवडे घालवावे लागतात, तो येथे अर्ध्या तासात मिळून जातो. हे सर्वत्र घडेलच असे नाही, आणि स्त्रियांना भररस्त्यात निवांत बसता येणे आजही सर्वत्र सोपे नाही, हेही विसरता कामा नये.

कोकणातील हवामानाची स्वतःची अट असते. पावसाळ्यात कागद हवेतील ओल पितो, जलरंगाचा हात वाळत नाही, एका थरावर दुसरा थर चढविण्यासाठी ताटकळत बसावे लागते. जांभ्याचा दगड कोरडा असताना विटकरी व भिजल्यावर गडद तांबूस दिसतो. हिरव्या रंगाच्या इतक्या छटा एकत्र येतात की पेटीतला हिरवा निरुपयोगी ठरतो. मालवणकडचे प्रल्हाद अनंत धोंड यांनी समुद्राची जलरंगचित्रे अगदी थोड्या फटकाऱ्यांत उतरविण्याची जी हातोटी कमावली, तिच्यामागे या ओल्या हवेशी केलेला दीर्घ व्यवहार असला पाहिजे.

महाविद्यालयातील वही

आता हा विषय अध्यापकांच्या दारात आणावा लागतो. आपल्या महाविद्यालयांत रेखाटनवही नाही असे नाही. विज्ञान शाखेतील प्रत्येक विद्यार्थ्यापाशी ती असते. तिला आपण 'जर्नल' म्हणतो. जर्नलची मूळ कल्पना फोर्ब्जच्या वहीहून वेगळी नाही : सूक्ष्मदर्शकाखाली किंवा शिवारात जे पाहिले ते काढा, नावे द्या, तारीख घाला. प्रत्यक्षात काय होते ते कोणत्याही अध्यापकास सांगण्याची गरज नाही. मागील वर्षीच्या विद्यार्थ्याचे सहीशिक्का झालेले जर्नल आणले जाते व त्यावरून नवे उतरविले जाते. त्यामुळे एकदा चुकीच्या जागी काढलेली पुंकेसरे वर्षानुवर्षे तेथेच राहतात. फूल टेबलावर असते आणि विद्यार्थी शेजारच्या वहीकडे पाहत असतो.

शालेय पातळीवरही स्थिती फार निराळी नाही. महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयामार्फत होणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी पिढ्यान्पिढ्या मुलांच्या हाती पेन्सिल दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांतील विषय पाहावेत : वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन. वर्गाबाहेर जाऊन समोरचे दृश्य काढण्यास त्यांत जागा नाही. स्मरणचित्रात 'बाजाराचे दृश्य' काढणारा विद्यार्थी बहुधा क्लासमध्ये पाठ करून घेतलेला बाजार काढतो. छत्रीखालची भाजीवाली, डावीकडे झाड, मागे दोन डोंगर. आठवडी बाजार शाळेपासून पाच मिनिटांवर भरत असतो.

याउलट स्थळावर बसून राहण्याने काय साधते याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे दिवसेंदिवस निरीक्षण केले आणि त्या पक्ष्याच्या कुटुंबव्यवस्थेविषयी नवी माहिती शास्त्रज्ञांपुढे मांडली. त्यासाठी लागली ती एक शिडी, एक वही आणि चिकाटी.

रोहे व पेण तालुक्यांत अशा वहीला विषयांची वाण नाही. पेण आणि हमरापूर परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत साच्यातून काढलेल्या, अजून डोळे नसलेल्या मूर्तींच्या रांगा असतात. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर एका बैठकीत किती मूर्ती हातावेगळ्या करतो, ब्रश कसा धरतो, मनगट कोठे टेकवितो हे छायाचित्रात गोठते आणि चलच्चित्रात निसटते. रेखाटनाच्या चार-पाच पायऱ्यांत मात्र ते स्पष्ट होते. रोह्याला लागून असलेल्या वरसे येथून बाहेर पडले की एकीकडे नव्या इमारतींचे सांगाडे, एकीकडे भातखाचरे आणि वर अवचितगडाची डोंगररांग दिसते. गाव आणि शहर यांच्यामधली ही सीमारेषा सतत हलत असते. कोकण रेल्वे जेथून सुरू होते त्या या भागाचे रूप १९९८ नंतर किती पालटले हे वृद्ध माणसे सांगतात, पण पालटण्यापूर्वीचे रूप काढून ठेवलेले कोठे मिळत नाही. कौलारू घराची पडवी, तिचे लाकडी गज, ओटीची उंची यांची मोजमापासह रेखाटने आज केली नाहीत तर पुढील पिढीतील इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती कोठून मिळणार? तळा तालुक्यातील कुडा लेण्यांची दखल फर्ग्युसन व बर्जेस यांनी १८८० मध्ये आपल्या ग्रंथात घेतली. लेणी दगडात आहेत म्हणून टिकली. पडव्या टिकणार नाहीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळाले आहेत. त्यात बांधीव, शिवणीच्या वहीचा अंतर्भाव करणे कोणत्याही विभागाला शक्य आहे. सुटे कागद नकोत. सुटा कागद फेकता येतो, वहीतील फसलेले पान तसेच राहते. रेषा चांगली आली की नाही यावर गुण देऊ नयेत. पानावर स्थळ, दिनांक, वेळ, तोंड कोणत्या दिशेस होते आणि कोणाशी काय बोलणे झाले, हे लिहिले आहे की नाही ते पाहावे. कुंडलिकेच्या काठावरील पानावर तर आणखी एक नोंद हवी. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी आणि खाडीची भरती-ओहोटी या दोहोंवर या नदीची पातळी अवलंबून असते. सकाळी काढलेला काठ दुपारी पाण्याखाली असू शकतो. वेळ न लिहिलेले असे चित्र सुंदर असूनही भूगोलाच्या अध्यापकाला निरुपयोगी ठरेल.

वर्षअखेरीस या वह्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. जुनी जर्नले सहसा रद्दीत जातात. प्रत्येक विभागाने दरवर्षी दोन-तीन वह्या निवडून ग्रंथालयाकडे द्याव्यात, ग्रंथपालांनी त्यांना इतर ग्रंथांप्रमाणे दाखल क्रमांक द्यावा, स्थळनामांची सूची करावी आणि दमट हवेपासून वाचविण्यासाठी पावसाळ्यापूर्वी त्यांची पाने क्रम न मोडता, कोऱ्या पानांसह, स्कॅन करून ठेवावीत.